यादी ठरते तेव्हा खोलीत कोण असतं?

टेक्सासमधल्या हायस्कूल बेसबॉलचे डिस्ट्रिक्ट सामने एप्रिलच्या अखेरीस संपतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांचे मुख्य कोच एकत्र बसतात, हल्ली बऱ्याचदा ऑनलाइनच, आणि ऑल-डिस्ट्रिक्टची, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची, यादी ठरवतात. जानेवारीपासूनची पहाटेची जिम, शाळा सुटल्यावरची प्रॅक्टिस, रात्री उशिरा परतणारी बस, या सगळ्याचं कागदावरचं फळ त्या एका बैठकीत पदरात पडतं किंवा पडत नाही. बैठकीत मुलं नसतात, पालक नसतात, स्काउट नसतात. असतात ते फक्त कोच, आणि त्यातला एक सोडला तर बाकी सगळे तुमच्या मुलाच्या विरुद्ध बाजूच्या डगआउटमध्ये बसलेले.

ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात घेतली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. फ्रिस्को, प्लेनो, केटी, शुगरलँड, सीडर पार्क अशा उपनगरांत आता मराठी घरांतली मुलं शाळेच्या बेसबॉल संघात दिसू लागली आहेत. आईबाबांना क्रिकेट पाठ असतं, त्यामुळे खेळ चटकन कळतो. पण इथली निवडीची पद्धत कळत नाही. मग मे महिन्यात यादी लागली की ‘आमच्या मुलाची सरासरी त्याच्यापेक्षा जास्त होती’ असं म्हणत घरात धुसफूस सुरू होते. ती टाळायची तर हे सगळं जानेवारीतच माहीत असलेलं बरं. मुलगी सॉफ्टबॉल खेळत असेल तरी पुढचं बरंचसं तिलाही लागू आहे.

आधी डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते पाहू. टेक्सासमधल्या सरकारी शाळांचे सामने यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही संस्था चालवते. विद्यार्थीसंख्येनुसार शाळांचे 1ए ते 6ए असे सहा गट पडतात, आणि जवळपासच्या, सारख्या आकाराच्या शाळांचा मिळून एक डिस्ट्रिक्ट होतो. त्याला नुसता क्रमांक असतो. काउंटीशी किंवा गावाच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. दर दोन वर्षांनी ही वाटणी नव्याने होते, त्यामुळे थोरल्याच्या वेळचे प्रतिस्पर्धी धाकट्याच्या वेळी असतीलच असं नाही. खाजगी शाळांची टॅप्स नावाची वेगळी संस्था आहे. दुसऱ्या राज्यांत नावं बदलतात, कॅलिफोर्नियात ऑल-लीग म्हणतात, न्यू जर्सीत ऑल-कॉन्फरन्स, तत्त्व तेच.

महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धांतून तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण चढलेल्यांना इथे एक गोष्ट विचित्र वाटते. ऑल-डिस्ट्रिक्टसाठी निवडचाचणी नसते, कुठे अर्ज करायचा नसतो, आणि निवडलेला संघ पुढे कुणाशी खेळतही नाही. तो कधी मैदानात उतरतच नाही. सीझनभराच्या खेळाला समव्यावसायिकांनी दिलेली ती पावती आहे. आणि ती यूआयएल देत नाही, डिस्ट्रिक्टचे कोच देतात. म्हणून नियमही डिस्ट्रिक्टगणिक वेगळे. शेजारच्या गावातल्या मित्राने सांगितलेली पद्धत तुमच्याकडे लागू असेलच असं धरून चालू नका.

तरीही बैठकीचा साचा साधारण सारखा असतो. प्रत्येक कोच आपल्या खेळाडूंची नावं आणि आकडे घेऊन येतो. आधी मोठे मान ठरतात: एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू), सर्वोत्तम पिचर, फलंदाजीतला आणि क्षेत्ररक्षणातला सर्वोत्तम, पहिल्यांदाच व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, खेळणाऱ्यांतला सर्वोत्तम, आणि वर्षातला उत्तम कोच. मग पहिला संघ, दुसरा संघ आणि शेवटी ऑनरेबल मेन्शन. बऱ्याच ठिकाणी आपल्याच खेळाडूला मत देता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाचा कोच त्याच्या बाजूने बोलू शकतो, पण हात वर करायचे ते इतरांनी.

आता त्या इतरांच्या जागी बसून पाहा. समजा डिस्ट्रिक्टमध्ये आठ शाळा आहेत आणि प्रत्येकीशी दोनदा गाठ पडते, म्हणजे एकूण चौदा सामने. एका प्रतिस्पर्धी कोचने तुमच्या मुलाला पाहिलं ते दोन सामन्यांत. बॅट हातात घेऊन तो त्यांच्यासमोर आला असेल सहा-सात वेळा. त्याने तीनशे छप्पन्नच्या सरासरीने फटकावलं की तीनशे ऐंशीच्या, हे त्या कोचच्या डोक्यात राहत नाही. राहतं ते वेगळंच: याच्यामुळे आपल्याला बेत बदलावा लागला का? पहिला बेस मोकळा असताना याला मुद्दाम वॉक दिला का? हा कॅचर मागे असताना आपण बेस चोरणं बंद केलं का? याने शॉर्टस्टॉपच्या खोल कोपऱ्यातून चेंडू उचलून आपला नेमका दोन आउटवरचा रनर घरी जाऊ दिला नाही, तो हाच ना? ज्या मुलाची धास्ती घ्यावी लागली त्याला मत मिळतं. आणि हेल्मेट आपटणारा, अंपायरशी हुज्जत घालणारा मुलगाही सगळ्यांच्या पक्का लक्षात राहतो.

पुढे मेजर लीगचा नामांकित पिचर झालेला क्लेटन कर्शॉ 2006 मध्ये डॅलसच्या हायलँड पार्क हायस्कूलकडून खेळत होता. जस्टिन नॉर्थवेस्टविरुद्ध त्याने समोर आलेल्या पंधराच्या पंधरा फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. धावांचा फरक इतका झाला की सामना पाच इनिंगमध्येच आटोपला. असा मुलगा असला की बैठकीत कुणाला काही बोलावं लागत नाही. वाद होतो तो पुढच्या चाळीस मुलांबद्दल, आणि तुमचा-आमचा मुलगा बहुधा त्या चाळिसात असतो.

वाद नेमका कशाचा

पहिला वाद कोट्याचा. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये गुणतक्त्यातल्या क्रमानुसार जागा वाटल्या जातात: पहिल्या आलेल्या शाळेला पहिल्या संघात जास्त, तळाच्या शाळेला एखादीच. कुठे हा लिखित नियम असतो, कुठे नुसता रिवाज. बाजूने बोलणारे म्हणतात, जिंकणं हीच खरी परीक्षा. ज्यांच्या संघाने अकरा सामने जिंकले त्यांचीच मुलं चांगली असणार. विरुद्ध बाजूचं म्हणणंही खोटं नाही. तळाच्या संघातल्या चांगल्या फलंदाजाला पुढेमागे आधार नसतो, म्हणून त्याला मारण्याजोगा चेंडूच कुणी टाकत नाही. तिथल्या पिचरच्या मागे क्षेत्ररक्षण गळकं असतं, म्हणून त्याचे आकडेही खराब दिसतात. तो मुलगा गुणवत्तेने पहिल्या संघाचा असून दुसऱ्यात ढकलला जातो.

कोट्यामुळे अन्याय होतो हे मला मान्य आहे. पण कोटा काढून टाकला तर काय होतं तेही पाहायला हवं. मग साटंलोटं सुरू होतं. ‘तू माझ्या पिचरला मत दे, मी तुझ्या सेंटरफिल्डरला देतो’ हा व्यवहार बोलून होत नाही, नुसत्या नजरेने होतो, आणि त्यात जुने, वजनदार कोच नव्यांवर मात करतात. माझ्या मते बरी पद्धत अशी: आकड्यांचे तक्ते बैठकीआधी सगळ्यांना पाठवायचे, आपल्या खेळाडूला मत नाही, मतदान गुप्त, आणि कोटा ठेवायचाच तर फक्त ऑनरेबल मेन्शनपुरता, म्हणजे प्रत्येक शाळेचं कुणी ना कुणी यादीत राहील. काही ठिकाणी असंच चालतं. तुमच्याकडे कसं चालतं ते सीझनच्या सुरुवातीच्या पालकसभेत विचारायला काहीच हरकत नाही. यादी लागल्यावर विचारलं तर ती तक्रार होते.

दुसरा वाद वर्षाचा. दोन मुलं तोडीस तोड असतील तर पारडं बारावीच्या मुलाकडे झुकतं. दहावीतल्याला ‘अजून दोन वर्षं आहेत’ म्हणून मागे ठेवतात. नवोदिताचा मान असतो तो बहुधा अशा मुलाच्या वाट्याला येतो. यावर मी फार रक्त आटवणार नाही. दोन वर्षांनी तोच झुकाव तुमच्या मुलाच्या कामी येतो.

तिसरा, आणि सगळ्यात गाजणारा वाद आकड्यांचा. इथे थोडं थांबू.

आकडे कसे वाचायचे

पहिली गोष्ट: बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये फक्त डिस्ट्रिक्ट सामन्यांचेच आकडे धरतात. फेब्रुवारीतल्या आमंत्रण स्पर्धांत मुलाने तीन होमरन ठोकले असतील तर आनंद आहे, पण बैठकीत ते मोजले जातीलच असं नाही. उन्हाळ्यातल्या ट्रॅव्हल बॉलचा, म्हणजे शाळेबाहेरच्या खाजगी संघांतल्या खेळाचा, त्यावर हजारो डॉलर गेले असले तरी, या यादीशी काडीचा संबंध नाही.

दुसरी: चौदा सामन्यांत बॅटिंगची संधी साधारण पंचेचाळीस-साठ वेळा मिळते. एवढ्याशा संख्येत दोन फटके इकडचे तिकडे झाले की सरासरी बदलते. म्हणून नुसत्या सरासरीवर भांडू नये. एक उदाहरण घ्या. पहिल्या मुलाने 45 ॲट-बॅटमध्ये 18 हिट मारले, सरासरी .400. त्याला वॉक मिळाला एक. दुसऱ्याने 45 मध्ये 16 हिट मारले, सरासरी .356. पण त्याने 12 वॉक मिळवले, दोनदा चेंडू अंगावर घेतला आणि एक सॅक्रिफाइस फ्लाय दिला. वॉक आणि अंगावर लागलेला चेंडू ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत, पण माणूस बेसवर पोचतोच. तेव्हा पहिला 46 पैकी 19 वेळा बेसवर पोचला, म्हणजे .413. दुसरा 60 पैकी 30 वेळा, म्हणजे सरळ .500. घरच्या तक्त्यात पहिला वरचढ दिसतो. समोरच्या कोचला मात्र दुसरा आठवतो, कारण दर सामन्यात दोनदा हा मुलगा बेसवर उभा राहून त्याच्या पिचरचं डोकं खात होता.

मुलाला सांगायचं ते एवढंच की दोन स्ट्राइकनंतर बॅट आखूड धर, चेंडू खेळत राहा, वाईट चेंडू सोड. हायस्कूलचे पिचर दमतात आणि मग वॉक देतात.

तिसरी गोष्ट बॅटची. 2012 पासून हायस्कूलमध्ये बीबीकोर प्रमाणाचीच धातूची बॅट चालते. तिच्यावरून चेंडू जवळजवळ लाकडी बॅटसारखाच जातो. तिचं वजन औंसात आणि लांबी इंचात मोजली तर फरक तीनपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे 33 इंची बॅट किमान 30 औंसांची हवी. तेरा-चौदा वर्षांपर्यंत हलक्या बॅटने कुंपणापार मारणारी मुलं नववीत या बॅटने पहिले काही महिने गोंधळतात. दुकानात सगळ्यात महागडी बॅट घेऊन हा प्रश्न सुटत नाही; एक आकार लहान बॅट घ्या आणि नववीच्या आधीच्या शरद ऋतूपासून तिच्यानेच सराव करू द्या. होमरन कमी झाल्यामुळे दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून मारलेले डबल, बंट, बेस चोरणं, एका हिटवर दोन बेस धावणं, यांचं मोल वाढलं आहे.

क्षेत्ररक्षणाचे आकडे फसवे असतात. ज्याचे पाय जड, त्याच्यापर्यंत चेंडू पोचतच नाही, म्हणून त्याच्या नावावर एररही लागत नाही. धडाडीने दोन पावलं जास्त धावणाऱ्याच्या नावावर चार एरर असतात. हे पालकांना कळत नाही, पण तिसऱ्या बेसजवळ उभं राहून खेळाडूंना खुणा करणाऱ्या समोरच्या कोचला अगदी स्पष्ट दिसतं.

आणि मग ते ॲप. बहुतेक संघांचा हिशोब गेमचेंजरसारख्या ॲपवर एखादा पालक स्वेच्छेने ठेवतो. आपल्याकडची मंडळी आकड्यांत हुशार, त्यामुळे हे काम अनेकदा मराठी बाबांकडे येतं. काम मोलाचं आहे, जरूर घ्या. पण शॉर्टस्टॉपच्या हातातून सुटलेल्या सरळ चेंडूला स्वतःच्या मुलासाठी हिट आणि दुसऱ्यासाठी एरर लिहायचा मोह पडतो. तो आवरा. त्याच सामन्याची वही समोरच्या संघानेही ठेवलेली असते. बैठकीत एखाद्याचे फुगवलेले आकडे वाचले जातात तेव्हा समोरचा कोच आपल्या वहीत बघून म्हणतो, ‘आमच्याविरुद्ध तर याला एकच हिट होता.’ त्यानंतर त्या शाळेच्या कुठल्याच तक्त्यावर कुणाचा भरवसा राहत नाही, आणि फटका तुमच्या मुलापेक्षा दुसऱ्याच मुलाला बसतो.

पिचरच्या बाबतीत हिशोबाचा एक घोळ नेहमी होतो. हायस्कूलचा सामना सात इनिंगचा, म्हणून अर्न्ड रन ॲव्हरेज सातने गुणून काढतात. चौदा इनिंगमध्ये चार अर्न्ड रन दिले तर ते 2.00 येतं. मोठ्यांच्या नऊ इनिंगच्या हिशोबाने तेच 2.57 होतं. कुठल्या हिशोबाचे आकडे आपण कुणाशी ताडतोय, ते आधी पाहावं.

पिचर असेल तर

यूआयएलच्या नियमाने एका दिवसात व्हर्सिटीचा पिचर जास्तीत जास्त 110 चेंडू टाकू शकतो. 86 किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस विश्रांती सक्तीची. 66 ते 85 ला तीन दिवस, 46 ते 65 ला दोन, 31 ते 45 ला एक. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये एकाच शाळेशी मंगळवारी आणि शुक्रवारी असे दोन सामने होतात. आता गणित करून पाहा: मंगळवारी 95 चेंडू टाकणारा शुक्रवारी बसून असतो. साठ चेंडूंत पाच इनिंग काढणारा बुधवार-गुरुवार विसावून शुक्रवारी शेवटची इनिंग टाकायला हजर. समोरच्या कोचने त्याला एकाच आठवड्यात दोनदा पाहिलं. कमी चेंडूंत काम उरकणं हा असा दुहेरी फायदा आहे, आणि तो वेगापेक्षा पहिला चेंडू स्ट्राइक टाकण्यातून येतो.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, तिच्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. संघातला दुसऱ्या क्रमांकाचा पिचर म्हणजे मागे पडलेला नव्हे. सात प्रतिस्पर्ध्यांशी दोन-दोन सामने असतील तर त्यालाही सात सामने सुरू करायला मिळतात, आणि पहिल्या संघात पिचरच्या जागा सहसा एकापेक्षा जास्त असतात.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं असं मुलगा म्हणाला, तर तिथे यादीचा विचार संपला. त्या जागच्या लिगामेंटवरच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन या पिचरचं नाव आहे. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा त्याच्यावर केली, तेव्हा तो तिशी ओलांडलेला व्यावसायिक खेळाडू होता. आज ती हायस्कूलच्या मुलांवर होते. मुलं दुखणं लपवतात, विशेषतः डिस्ट्रिक्टच्या दिवसांत. शाळेचा पिच काउंट फक्त शाळेपुरता असतो. रविवारी ट्रॅव्हल संघासाठी टाकलेले चेंडू, मागच्या अंगणात बाबांना टाकलेले चेंडू, ते तुम्हीच मोजायचे आहेत.

मैदानात असणं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण ऑल-डिस्ट्रिक्ट हुकतं ते पुष्कळदा इथे. टेक्सासमध्ये 1984 च्या शिक्षणसुधारणा कायद्यापासून ‘नो पास, नो प्ले’ आहे. ग्रेडिंगच्या मुदतीअखेर कुठल्याही विषयात 70 च्या खाली गुण गेले की किमान तीन आठवडे सामने बंद. प्रॅक्टिस करता येते, खेळता येत नाही. तीन आठवडे म्हणजे मंगळवार-शुक्रवारच्या हिशोबाने सहा सामने, चौदापैकी सहा. आपल्या घरांत मुलं नापास होत नाहीत अशी आपली समजूत असते. पण अवघड विषयांचा भार घेतलेला अकरावीचा मुलगा मार्चच्या ग्रेडिंगमध्ये फिजिक्सला 68 वर येऊ शकतो. काही ऑनर्स आणि एपी विषयांना यातून सूट असते. नेमक्या कुठल्या, ते शाळेच्या हँडबुकमध्ये डिसेंबरातच पाहून ठेवा, आणि वेळापत्रक ठरवताना काउन्सेलरशी बोलताना सीझनचा उल्लेख करा.

चांगल्या बेसबॉलसाठी शाळा बदलायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर सावध. खेळासाठी केलेली बदली यूआयएलला चालत नाही. ज्या शाळेच्या हद्दीत पालक राहत नाहीत तिथे प्रवेश घेतला तर बहुतेक वेळा पहिलं वर्ष व्हर्सिटीपासून लांब राहावं लागतं. आधीच्या शाळेतल्या खेळाचा फॉर्म भरावा लागतो आणि डिस्ट्रिक्टच्या कार्यकारी समितीपुढे प्रकरण जाऊ शकतं.

आणि भारतवारी. स्प्रिंग ब्रेक मार्चच्या मध्यावर येतो, तिकिटं बरी मिळतात, आजी-आजोबा वाट पाहत असतात. पण तेच दिवस डिस्ट्रिक्टच्या सुरुवातीचे. व्हर्सिटीत खेळणाऱ्या मुलाचं घर त्या आठवड्यात गावातच थांबतं, हे नातेवाइकांना आदल्या दिवाळीतच सांगून टाकावं. पाडवाही बऱ्याचदा ऐन सीझनमध्ये येतो. गुढी सकाळी उभारायची आणि श्रीखंडपुरी रात्री दहाला खायची, याला आता इथल्या बऱ्याच घरांत सरावले आहेत.

पालकांनी काय करावं, काय नाही

तुमच्या मुलाची शिफारस करणारा त्या खोलीत एकच माणूस, त्याचा स्वतःचा कोच. त्याच्याकडेही नऊ-दहा मुलं असतात आणि तो सगळ्यांसाठी सारख्या जोराने भांडू शकत नाही. मनात क्रम लावूनच तो येतो. तो क्रम लागतो फेब्रुवारीपासून, आणि लावताना पालकांच्या ईमेलचा उपयोग उणे होतो, अधिक नाही. तेव्हा बोलायचं ते मुलाने. जानेवारीत, प्रॅक्टिसनंतर, एकट्याने जाऊन: ‘कोच, लाइनअपमध्ये कायम राहायचं असेल तर मी कुठल्या दोन गोष्टी सुधारू?’ या प्रश्नाला जवळपास प्रत्येक कोच सरळ उत्तर देतो. आपल्याकडे मोठ्यांना असं थेट विचारणं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून मुलं घुटमळतात. इथे न विचारणं म्हणजे रस नसणं, असा अर्थ लावतात. घरी एकदा तालीम करून घ्या.

जागेचाही विचार त्या बोलण्यात येऊ द्या. आठ शाळांत आठ शॉर्टस्टॉप असतात आणि बहुधा संघातला सगळ्यात तयार मुलगा तिथेच उभा असतो. त्या गर्दीत तिसरा येण्यापेक्षा वेगळी वाट बरी: जो मुलगा दुसरा बेस, डावं फिल्ड आणि गरजेला दोन इनिंग पिचिंग असं सगळं करतो, त्याच्यासाठी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये युटिलिटीची वेगळी जागा असते. कॅचिंग हे अंग मोडणारं काम, म्हणून तिथे चढाओढ कमी. जो कॅचर चेंडू अंगावर घेऊन अडवतो आणि दुसऱ्या बेसवर नेमका फेकतो, त्याची फलंदाजी बेताची असली तरी कोचमंडळी त्याला विसरत नाहीत.

सामन्यानंतर चोवीस तास कोचशी बोलायचं नाही, हा नियम बहुतेक संघांत आहे, नसला तरी पाळा. खेळायला किती मिळतं आणि दुसऱ्यांची मुलं कशी खेळतात, हे दोन विषय काढूच नका. मुलाची तब्येत, अभ्यास, पिचिंगचा भार याबद्दल खुशाल बोला. यादी लागल्यावर तिच्याविरुद्ध अपिलाची सोय असेल असं धरून चालू नका. एखाद्या मुलावर खरोखर अन्याय झाला असेल तर पुढच्या वर्षी आकडे आधी वाटले जावेत, एवढी सूचना कोचकडे द्यावी. त्याने तो मुद्दा बैठकीत मांडला तर त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो. कन्सेशन स्टँडवर नाचो वाढायला मात्र आळीपाळीने नक्की उभे राहा. त्याने मत मिळत नाही, पण संघ चालतो.

या मानाची किंमत किती? लेटरमन जॅकेटवर शिवायचा एक पॅच, शेवटच्या मेजवानीत एक प्रमाणपत्र, आणि मुलाच्या मनात आयुष्यभराची एक गोष्ट. कॉलेजच्या बेसबॉल कोचसाठी मात्र ती फारशी मोठी बाब नाही, कारण प्रत्येक डिस्ट्रिक्टची ताकद वेगळी हे त्याला माहीत असतं. तो पाहतो पिचचा वेग, बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग, धावण्याची वेळ, व्हिडिओ आणि ट्रान्सक्रिप्ट. पिचर कुमार रॉकर, ज्याचे आईकडचे आजी-आजोबा भारतातून आलेले, 2019 मध्ये व्हँडरबिल्टकडून ड्यूकविरुद्ध 19 स्ट्राइकआउटचा नो-हिटर टाकतो आणि 2022 मध्ये टेक्सास रेंजर्स त्याला ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर उचलतात. फ्लोरिडाचा अर्जुन निम्मला 2023 मध्ये हायस्कूलमधूनच विसाव्या क्रमांकावर टोरंटो ब्लू जेज्‌कडे जातो. अशा मुलांमागे स्काउट रडार गन घेऊन फिरतात. त्यांना कोचच्या बैठकीची गरज नसते. कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, 2025-26 पासून हाउस समझोता (खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा देणारा) स्वीकारलेल्या कॉलेजांच्या बेसबॉल संघांना 34 खेळाडूंची मर्यादा आली आहे, त्यामुळे मधल्या फळीतल्या मुलांसाठी दार आणखी अरुंद झालं. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण तिथली काही कॉलेजं अभ्यासात अव्वल आहेत, आणि चांगले गुण असलेल्या ऑल-डिस्ट्रिक्ट खेळाडूला तिथे दोन्ही हौशी पुरवता येतात. आपल्या बहुतेक मुलांसाठी हा रस्ता जास्त खरा आहे.

गुणांवरून आठवलं: बहुतेक डिस्ट्रिक्ट ॲकॅडेमिक ऑल-डिस्ट्रिक्टची वेगळी यादी करतात. किती सरासरी हवी ते डिस्ट्रिक्ट ठरवतो आणि नाव बहुधा कोचलाच पाठवावं लागतं. ते नजरचुकीने राहून जाऊ शकतं. मार्चच्या शेवटी मुलाने एकदा आठवण करून द्यावी. आपल्या मंडळींना ही यादी मूळ यादीपेक्षा जास्त आवडते, हे गणपतीच्या कार्यक्रमात कानावर पडतंच.

कॉलेजच्या अर्जासाठी एवढं करा. कॉमन ॲप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात सन्मानांसाठी पाच जागा असतात आणि उपक्रमांसाठी दहा. उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरं मिळतात. सन्मानाच्या रकान्यात डिस्ट्रिक्टचा क्रमांक, गट आणि कितवा संघ ते स्पष्ट लिहा: ‘दुसरा संघ’ असेल तर ‘दुसरा संघ’च, नुसतं ‘ऑल-डिस्ट्रिक्ट’ नव्हे. अर्ज वाचणारा यादी शोधू शकतो, आणि शिफारसपत्रात काउन्सेलर नेमकं तेच लिहू शकतो. उपक्रमाच्या 150 अक्षरांत पुन्हा सन्मान लिहून जागा वाया घालवू नका. तिथे कितवीपासून व्हर्सिटी, कुठली जागा, आणि लहान मुलांच्या संघाला शिकवलं असेल तर ते लिहा. यादी लागल्या दिवशीच तिची लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. शाळांची सोशल मीडिया खाती कोच बदलला की कधी कधी बंद होतात.